जुन्या घरातलं सामान चौघांत वाटायचंय: चिठ्ठ्या, पाळी की बोली?

बाळीवेस_नाका (धागाकर्ता)
मंडळी, सोलापुरात बाळीवेशीतलं आईवडिलांचं घर रिकामं करायचंय. घराचं ठरलंय, विकून चार हिस्से. अडलंय ते आतल्या सामानावर. वाटेकरी चार: मी, होटगी रोडची बहीण, अमेरिकेतली बहीण, आणि थोरल्या भावाचं कुटुंब. भाऊ आता नाही. वहिनी आणि दोन पुतणे आहेत, दोघंही सज्ञान.

सामान थोडक्यात:
तांब्या-पितळेची भांडी, माळाभर. बंब, घंगाळ, हंडे, कळश्या, पराती, समया.
आईचे दागिने: पाटल्या, चार बांगड्या, मोहनमाळ, ठुशी, नथ, कुड्या.
सोलापुरी चादरी, काही कोऱ्या, काही वापरलेल्या. इरकली लुगडी आणि त्यांच्याच वाकळा.
देव्हारा आणि चांदीचे टाक.
जातं, पाटा-वरवंटा, शिसवी कपाट, आरामखुर्ची, शिलाई मशीन, फोटोंचे अल्बम.

एकाचं म्हणणं, सरळ चिठ्ठ्या टाका. दुसरीचं, पाळीपाळीनं उचला. तिसरीचं, आपसात बोली लावा. भांडण अजून झालेलं नाही, होऊ नये म्हणून विचारतोय. पद्धत सांगा. "प्रेमानं घ्या" कृपया सांगू नका.

कडक_भाकरी
भांडण झालं नाही म्हणजे सामान अजून माळ्यावरून उतरलं नाही बे.

हिशेबनीस
तिन्ही पद्धती बरोबर आहेत, पण तिन्ही सगळ्या सामानाला लावल्या की चुकतात. आधी सामानाचे चार ढीग करा.

पहिला ढीग, वजनावर किंवा बाजारभावावर मोजता येतं ते: सोनं, चांदी, मोडीच्या लायकीची भांडी. इथे पसंतीचा प्रश्न नाही, फक्त काटा आणि भाव.
दुसरा, वापराच्या वस्तू ज्यांची बाजारात फार किंमत येत नाही: खुर्ची, मशीन, रोजची भांडी, चादरी. ह्या पाळीनं.
तिसरा, ज्यावर दोघांतिघांचा जीव आहे अशा मोजक्या वस्तू. बंद चिठ्ठीतली बोली फक्त यांच्यासाठी.
चौथा, ज्यांची नक्कल निघते: फोटो, आईची पाककृतींची वही, पत्रं.

कुठली वस्तू कुठल्या ढिगात हे वाटपाच्या आधी ठरवायचं आणि सगळ्यांनी सही करायची. वाटप सुरू झाल्यावर वस्तू एका ढिगातून दुसऱ्यात हलवायची नाही. वाद बहुतेक तिथेच पेटतो.

गड्डायात्री
कशाला एवढं? चार वाटे पाडा, चिठ्ठ्या टाका, उचला, घरी जा. देवाच्या मनात असेल ते.

मोडभाव
गड्डायात्री, वाटे पाडणार कोण? आणि कशाच्या आधारावर? तुमच्या एका वाट्यात बंब आला आणि दुसऱ्यात चार पातेली, तर चिठ्ठी कितीही प्रामाणिक असो, वाटाच लंगडा.

भांड्यांपुरतं लिहितो. भांड्याला तीन भाव असतात: मोडीचा, जुन्या वस्तू घेणाऱ्याचा आणि घरातल्या माणसाचा. मोडीचा भाव म्हणजे तळ. त्याच्या खाली कुठलंही भांडं जात नाही, म्हणून यादीत आधी तो लिहा.

काम असं करा:

१. लोहचुंबक घ्या. जे चिकटतं ते बाजूला. पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड हातात घेऊन कळत नाही, चुंबकाला कळतं. चुंबक कडीला चिकटतोय की भांड्याला हेही बघा, कडी लोखंडी असू शकते.

२. धातू वेगळे करा: तांबं, पितळ, कासं, जर्मनचं (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम). तांब्याचा मोडभाव पितळेपेक्षा बराच वर असतो, जर्मनचा सगळ्यांत खाली. कासं हातानं ओळखता येतं: वाटी बोटांच्या टोकावर धरून नखानं टिचकी मारली की नाद लांबतो. पितळ थोडक्यात थांबतं. कासं पडलं तर तडकतं, पितळेला पोचा पडतो. म्हणून काश्याची ताटं-वाट्या तपासून घ्या, बारीक तडा असेल तर ती थेट मोडीत.

३. बंब सुट्टा करून तोला. आतली जाळी आणि राखेचं ताट लोखंडी असतं, तोटी पितळी, अंग तांब्याचं. अख्खा बंब तांब्याच्या भावानं धरला तर ज्याच्या वाट्याला जाईल तो नुकसानीत. तळाशी साचलेला क्षारांचा थर ठोकून काढा, जुन्या बंबात तो चांगला वजनदार होतो.

४. समयांचं वजन करताना बूड उलटं करून बघा. पोकळ बुडात कधीकधी राळ किंवा शिसं भरलेलं असतं, समई डुगडुगू नये म्हणून.

५. वजन ताणकाट्यावर नको, सपाट इलेक्ट्रॉनिक काट्यावर. आधी बाजारातलं सीलबंद पाच किलोचं पाकीट ठेवून काटा तपासा. एकाच काट्यावर, एकाच दिवशी सगळं.

त्यानंतर प्रत्येक भांड्याला नंबर, फोटो, धातू, निव्वळ वजन, मोडभावानं रक्कम. ही यादी झाली की निम्मं काम संपलं.

सुगरणबाई
मोडभाव यांनी एक सोडलं. नाव घातलेली भांडी. जुन्या भांड्यांवर काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं: कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कधीकधी सालासकट. चिंचेनं घासून घासून ते ठिपके बुजतात, नुसतं बघून दिसत नाहीत. काठावर कोरडी पांढरी रांगोळी चोळा आणि कापडानं हलकं पुसा. ठिपक्यात रांगोळी राहते, अक्षर वाचता येतं. परातीचं नाव काठाच्या खालच्या अंगाला असतं, हंड्याचं गळ्यावर.

बहिणीच्या लग्नात आलेलं पण "नंतर नेईन" म्हणून माहेरी राहिलेलं भांडं वाटपात घ्यायचंच नाही, ते तिचं आहे. आधी अशी सगळी बाजूला काढा. माळ्यावरच्या ढिगात थोडीतरी निघतात.

बाळीवेस_नाका
रांगोळीचं माहीत नव्हतं. उद्याच बघतो. मोडभाव, कल्हई असलेल्या पितळेचं काय? पातेली बहुतेक कल्हईची आहेत.

मोडभाव
कल्हईचं वजन नगण्य. पितळ म्हणूनच धरा. फक्त ज्याला ती स्वयंपाकाला वापरायचीत त्यानं कल्हईचा खर्च मनात धरून उचलावीत, आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत कळकतात.

कलम_पंधरा
पद्धतीआधी हिस्से पक्के करा. दोन प्रश्न: मृत्युपत्र आहे का? आणि थोरले भाऊ आईवडिलांच्या आधी गेले की नंतर?

बाळीवेस_नाका
मृत्युपत्र नाही. वडील आधी गेले, मग भाऊ, मग आई.

कलम_पंधरा
मग हा क्रम महत्त्वाचा आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ धरून सांगतो.

वडिलांच्या स्वतःच्या वस्तू (कपाट, खुर्ची, त्यांनी घेतलेली भांडी): ते गेले तेव्हा कलम ८ प्रमाणे आई आणि चार मुलं, असे पाच समान हिस्से. भाऊ तेव्हा हयात होते, त्यांचा पाचवा हिस्सा त्यांना तेव्हाच मिळाला. भाऊ गेल्यावर तो त्यांच्या वारसांत गेला: वहिनी, दोन पुतणे आणि त्या वेळी हयात असलेली आई, चौघांना सारखा.

आईचे दागिने तिचे एकटीचे, कलम १४. ती गेल्यावर कलम १५: मुलगे, मुली, पती आणि आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं. सुनेचा उल्लेख त्यात नाही. म्हणजे सोन्यात चौथा हिस्सा दोन पुतण्यांचा, दोघांत मिळून एक. वहिनींचा कायद्यानं नाही. वडिलांच्या वस्तूंत मात्र वहिनींचा हक्क आहे.

व्यवहारात कुणी पाचवा-विसावा करत बसत नाही. चौघांत सारखं वाटायला सगळे राजी असतील तर तसंच वाटा. फक्त कागदावर सोन्याच्या हिश्शापुढे पुतण्यांची सही घ्या आणि सामानाच्या हिश्शापुढे वहिनींचीही. वहिनींना बैठकीत बसवायचं की नाही हा कायद्याचा प्रश्न नाही, मानाचा आहे, आणि त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे.

गड्डायात्री
म्हणजे सुनेनं चाळीस वर्षं पाटल्या घासून ठेवायच्या आणि कायद्यात तिचं नावच नाही. छान आहे की.

कलम_पंधरा
कायदा तसा आहे म्हणालो, चांगला आहे म्हणालो नाही. चौघं मिळून तिला एखादी वस्तू द्यायची ठरवू शकतात. ती वाटपाच्या आधी बाजूला काढा, कुणा एकाच्या वाट्यातून नको.

सराफी_काटा
सोन्यावर कुणी लिहीना म्हणून लिहितो. दागिने दागिने म्हणून वाटू नका, आधी शुद्ध सोन्यात उतरवा.

सगळे मिळून एकाच सराफाकडे जा. कॅरेट मोजायच्या यंत्रावर प्रत्येक नग तपासून घ्या. सोनं वितळवावं लागत नाही, पण यंत्र वरचा थर वाचतं, म्हणून डाक लावलेल्या जागी नको, दोनतीन ठिकाणी ठेवून बघायला सांगा. जुनं सोनं बावीस कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के असेलच असं नाही. हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी (नगावर कोरलेला ओळख क्रमांक) २०२३ च्या एप्रिलपासून विक्रीला सक्तीचा झाला, तुमच्या दागिन्यांवर तो नसणारच.

प्रत्येक नगापुढे दोन वजनं लिहा, ढोबळ आणि निव्वळ. ठुशीचा रेशमी गोफ, नथीचे मोती, कुड्यांचे मोती वजा करा. पाटल्या पोकळ असतील तर आत लाख असते. ती वितळवल्याशिवाय नक्की कळत नाही, म्हणून सराफाचा अंदाज चौघांसमोर घ्या आणि लिहून ठेवा.

तोळ्यात बोलू नका. जुन्या पावतीतला तोळा ११.६६ ग्रॅम, आजच्या दुकानातला १० ग्रॅम. "पाटल्या चार तोळ्यांच्या" म्हणजे एकाच्या डोक्यात ४६ ग्रॅमच्या पुढे आणि दुसऱ्याच्या डोक्यात ४०. सगळं ग्रॅममध्ये.

मजुरी धरू नका, मोडताना ती कुणीच देत नाही. भाव एकाच दिवसाचा, सगळ्या नगांना तोच.

समजा शुद्ध सोनं असं निघालं: पाटल्या ४४ ग्रॅम, बांगड्या ३६, मोहनमाळ ३०, ठुशी-नथ-कुड्या मिळून २६. एकूण १३६, प्रत्येकी ३४. पाटल्या घेणारा १० ग्रॅम देणं लागतो, बांगड्या घेणारा २. मोहनमाळवाल्याला ४ यायचे, ठुशीवाल्याला ८. दिले १२, घेतले १२. फरक रोख द्या नाहीतर वेढणी (चोख सोन्याची वळी) घेऊन द्या. भाव वरखाली होत असेल तर वेढणीच बरी, कारण देणं ग्रॅममध्ये राहतं.

कुठला गट कुणाला, हे चिठ्ठीनं. फरक भरून निघतो, म्हणून इथे चिठ्ठी चालते. जोड फोडू नका. एकेक पाटली दोघींना दिली की दोघी ती मोडतात.

गड्डायात्री
बघा, आली ना चिठ्ठी शेवटी!

हिशेबनीस
आली, पण काटा लागल्यावर.

आता पाळीबद्दल. १-२-३-४, १-२-३-४ असं केलं तर पहिल्याला प्रत्येक फेरीत फायदा. म्हणून उलटसुलट: १-२-३-४-४-३-२-१. पहिला क्रम चिठ्ठीनं. आठ वस्तू गेल्या की पुढच्या जोडफेरीचा क्रम बदला, उदाहरणार्थ २-४-१-३-३-१-४-२, नाहीतर पहिली निवड कायम एकाचीच.

ह्या पद्धतीची एक पक्की हमी आहे. प्रत्येक फेरीत प्रत्येकजण एकेकदाच उचलत असेल आणि प्रत्येकानं खरंच आपल्याला सगळ्यांत हवं ते उचललं असेल, तर दुसऱ्या कुणाच्या ढिगातून त्यानं पहिल्यांदा उचललेली एक वस्तू बाजूला ठेवली की उरलेला ढीग मला माझ्यापेक्षा सरस वाटणार नाही. म्हणजे हेवा उरलाच तर एका वस्तूपुरता. ती एक वस्तू फार भारी असेल तर पंचाईत, म्हणूनच तिसरा ढीग आधी वेगळा काढायचा.

पूर्वभाग
हमीला एक अट राहिली: वस्तू सुट्या सुट्या मोलाच्या असल्या पाहिजेत. जात्याची खालची तळी एकानं उचलली आणि वरची दुसऱ्यानं, तर दोघांकडे दगड. पाटा-वरवंटा, खल-बत्ता, समयांची जोडी, पळी-पंचपात्र-ताम्हण, मशीन आणि तिचा पायटा, कपाट आणि त्याची किल्ली, हे सगळं यादीत एकेका नंबरखाली बांधा.

आमच्या पूर्व भागात घराघरात हातमाग होते, तिथे हे फार बघायला मिळतं. फणी एकाकडे, धोटे दुसऱ्याकडे, सांगाडा तिसऱ्याकडे. मग सांगाड्याचं सागवान सुताराकडे जातं आणि फणी भिंतीला लटकते. माग अखंड द्यायचा, नाहीतर चौघांनी मिळून विकायचा.

कडक_भाकरी
कपाट एकाला, किल्ली दुसऱ्याला. याला म्हणायचं संयुक्त कुटुंब.

सातरस्ता
बोलीला माझा विरोध नोंदवा. अमेरिकेतली बहीण डॉलरमध्ये बोलणार, पुतणे इथे नोकरी शोधणार. आईची समई पैशावर जाणार? ज्याचा खिसा मोठा त्याची माया मोठी असं होतं.

हिशेबनीस
आक्षेप खरा आहे, पण बोली कशी लावता यावर बरंच अवलंबून आहे. उघडी बोली नकोच. तोंडावर तोंड बघून आकडा चढतो आणि हरलेला वर्षभर बोलत नाही. बंद चिठ्ठीत लिहायचं.

पोलंडचे गणितज्ञ क्नास्टर यांची एक रीत आहे, श्टाइनहाउस यांनी १९४८ मध्ये ती मांडली. समजा वस्तू देव्हाऱ्याचं कोरीव मखर. चौघांच्या बंद चिठ्ठ्या: अ १२,०००, ब ८,०००, क ६,०००, ड २,०००.

मखर अ ला. प्रत्येकाचा न्याय्य हिस्सा म्हणजे त्याच्याच आकड्याचा चौथा भाग: ३,०००, २,०००, १,५००, ५००.
अ च्या हातात १२,००० ची वस्तू आली, हिस्सा ३,००० चा. तो ९,००० रुपये चौघांच्या मध्ये काढून ठेवतो.
त्यातून ब २,०००, क १,५००, ड ५०० उचलतात. गेले ४,०००, उरले ५,०००.
हे ५,००० चौघांत सारखे, १,२५० प्रत्येकी.
शेवटी अ चे खिशातून ७,७५० गेले. ब ला ३,२५०, क ला २,७५०, ड ला १,७५० मिळाले.

प्रत्येकाला स्वतःच्या हिशेबानं जेवढं यायला हवं होतं त्याहून १,२५० जास्तच आले. ज्याला वस्तू मिळाली नाही तो रिकाम्या हातानं जात नाही, हा यातला मुद्दा. लिलाव भिशीत बोली लावणारा कसर सोडतो आणि ती बाकीच्यांत वाटली जाते, तसंच हे.

भिशीवाली
भिशीचं नाव काढलंत म्हणून. हे त्रांगडं कशाला? अ नं १२,००० लावले तर १२,००० चे चार भाग, तीन हजार प्रत्येकाला द्यायचे, एक स्वतःचा. अ चे ९,००० गेले, विषय संपला. पोरालाही समजतं.

हिशेबनीस
समजतं, आणि त्याच कारणानं अ पुढच्या वेळी १२,००० लिहीत नाही, ८,५०० लिहितो. स्वतःचा पूर्ण आकडा मोजावा लागतो म्हटलं की माणूस दाबून लिहितो. क्नास्टरमध्येही दाबता येतं, पण फायदा कमी. उलट कुणी दुसऱ्याकडून पैसे काढायला मुद्दाम फुगवून लिहिलं तर वस्तू त्याच्याच गळ्यात पडते.

तुमची रीत चुकीची नाही. दोनतीनच वस्तू असतील आणि हिशेब पाहून कुणाचं डोकं फिरणार असेल तर तीच वापरा.

सातरस्ता
खिशाचं उत्तर अजून आलं नाही.

भिशीवाली
त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. रोख लावूच नका. प्रत्येकाला १०० गुण द्या, खिसा सगळ्यांचा सारखा. तिसऱ्या ढिगातल्या वस्तूंवर हवे तसे वाटा. वस्तू ज्याचे गुण जास्त त्याची. एकीवर सगळे गुण ओतले तर ती मिळेल, बाकीच्यांवर पाणी सोडायचं.

हिशेबनीस
गुण चांगले, पण चौघांत नुसत्या जास्त गुणांवर दिलं तर एखाद्याला तीन वस्तू आणि एखाद्याला शून्य असं होऊ शकतं. दोघांत मात्र ही रीत फार सुंदर बसते, ब्राम्स आणि टेलर या दोघांची आहे. तुमच्या दोन बहिणींत काही वस्तू उरल्या तर अशी करा:

थोरली: पैठणी ४५, मशीन २५, समई २०, रेडिओ १०.
धाकटी: पैठणी २०, मशीन २०, समई २५, रेडिओ ३५.

जिचे गुण जास्त तिला वस्तू. थोरलीकडे पैठणी-मशीन, ७० गुण. धाकटीकडे समई-रेडिओ, ६० गुण. आता थोरलीकडून थोडं सरकवायचं, आणि ते जिथे दोघींच्या गुणांत फरक सगळ्यांत कमी पटीचा आहे तिथून. पैठणीत ४५ ला २०, मशीनमध्ये २५ ला २०. म्हणून मशीन. हिशेब केला की मशीनचा नववा भाग दोनदा, म्हणजे २/९, सरकतो. मशीन कापायचं नाही; थोरलीकडेच ठेवून तिनं धाकटीला रोख द्यायचे. मशीनची किंमत ४,५०० धरली तर १,०००. दोघींना आपापल्या हिशेबानं १०० पैकी चौसष्टच्या वर गुण मिळाले. अर्धं-अर्धं करून भांडण्यापेक्षा पुष्कळ बरं.

कडक_भाकरी
रेडिओला पस्तीस गुण देणारी धाकटी मला भेटायचीय.

जकार्ड
चादरींवर थोडं. नग मोजून वाटू नका. एकेरी आणि दुहेरी वेगळ्या करा, मग कोऱ्या आणि वापरलेल्या. खरी सोलापुरी जकार्ड चादर दोन्ही बाजूंनी नक्षीची असते, मोर एका अंगाला रंगीत आणि दुसऱ्या अंगाला त्याच्या उलट रंगाचा. एकाच बाजूला छापील नक्षी असेल ती दुसऱ्या ढिगात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण घरातल्या साठ्यात बाहेरचा मालही मिसळलेला असतो.

कोऱ्या घड्या उघडून घडीच्या रेषेवर उजेडासमोर धरा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं सूत तिथेच आधी विरतं. बघायला कोरी, धुतली की रेषेवर फाटते. अशी चादर "कोरी" म्हणून मोजू नका.

वाकळांना पाळी नको, बोलीही नको. चार असतील तर एकेक. तीन असतील तर ज्याला जी हवी ती आधी विचारा. बहुतेकदा दोघांना एकच हवी नसते.

सुगरणबाई
देवांचं कुणी बोललं नाही. टाक वाटायचे नसतात. जो कुलधर्म पुढे चालवणार त्याच्याकडे सगळे एकत्र.

पूर्वभाग
हा रिवाज घरोघरी वेगळा. काही घरांत थोरल्याकडे, काही घरांत जिथे नवरात्र बसतं तिथे. बाकीच्यांना हवे असतील तर सोनाराकडून त्याच ठशाचे नवे टाक करून घेता येतात, चांदी पत्र्याचीच लागते, फार नाही. त्याचा खर्च चौघांनी मिळून करावा, म्हणजे मूळ टाक ठेवणाऱ्याला फुकट मिळाले असं होत नाही.

कलम_पंधरा
अमेरिकेतल्या बहिणीसाठी सूचना. जुनी मूर्ती किंवा कोरीव काम शंभर वर्षांहून जुनं असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. तिच्या वाट्याला तशी वस्तू टाकू नका. शिवाय पितळेची मोठी परात आणि घंगाळ विमानाच्या तेवीस किलोच्या बॅगेत किती बसणार याचा विचार तिनं पाळी येण्याआधी करावा.

कागदाचं: निव्वळ चल वस्तूंच्या वाटपाला नोंदणी सक्तीची नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ स्थावराबद्दल आहे. म्हणून घराचा कागद आणि सामानाचा कागद वेगळा ठेवा. सामानाच्या यादीवर "वाटप झालं, मिळालं" अशी पोच आणि सगळ्यांच्या सह्या पुरतात, दोन साक्षीदार घेतले तर उत्तम.

बाळीवेस_नाका
खूप मिळालं. रांगोळीनं आठ भांड्यांवर नावं निघाली, पाच होटगी रोडच्या बहिणीची. ती बाजूला काढली. वाटे पाडायची सूचना आधी कुणी तरी दिली होती, ती टाकाऊ आहे का? रोजच्या भांड्यांचे ढीग एकेक करून पाळीनं उचलत बसलो तर दोन दिवस जातील.

मोडभाव
टाकाऊ नाही. चमचे, वाट्या, झाऱ्या, डबे यांचे वाटेच पाडा. रीत जुनीच: वाटे पाडणाऱ्यानं शेवटी उचलायचं. मग तो आपोआप सारखे पाडतो. पाडणारा असा निवडा ज्याला स्वयंपाकघर कळतं, नाहीतर एका वाट्यात झाकण नसलेले सगळे डबे जातात.

गड्डायात्री
हे मी पहिल्या पानावर म्हणालो होतो. नोंद असावी.

हिशेबनीस
नोंद आहे. पण तुम्ही सोनंही त्यातच टाकलं होतं.

बाळीवेस_नाका, तुमच्यापुरता क्रम: नाव घातलेली भांडी आणि वहिनींना द्यायचं ते आधी बाहेर. मग सोनं काट्यावर आणि चिठ्ठीवर. मग चारपाच जीवाच्या वस्तूंची बंद चिठ्ठी. पैशाची अडचण वाटत असेल तर त्यातलं देणं घरविक्रीच्या हिश्शातून वळतं करा, सातरस्ता यांच्या आक्षेपाला हेच उत्तर आहे; पुतण्यांना आत्ता खिशातून काही काढावं लागत नाही. मग मोठी भांडी आणि फर्निचर पाळीनं. किरकोळ वाटे शेवटी. मग अर्धा तास अदलाबदलीला, दोघं राजी असतील तरच. मग सही.

सातरस्ता
घराच्या हिश्शातून वळतं करणार असाल तर विरोध मागे. फक्त घर विकायला वेळ लागला तर देणं तसंच राहील, व्याज धरायचं की नाही तेही आत्ताच लिहा.

सुगरणबाई
फोटो राहिले. काळ्या पानांच्या अल्बममधले चिकटवलेले फोटो ओढून काढू नका, पाठीचा थर निघतो. पानासकट स्कॅन करा, छोट्या फोटोंना ६०० डीपीआय ठेवा. पाठीमागे लिहिलेलं असेल आणि फोटो सुटा असेल तर मागची बाजूही. चौघांना एकेक प्रत, मूळ अल्बम ज्याच्याकडे कोरडी जागा आहे त्याच्याकडे.

बाळीवेस_नाका
शेवटचा प्रश्न. बंब कुणालाच नकोय. सगळ्यांकडे गीझर.

मोडभाव
मग मोडीच्या आधी जुन्या वस्तू घेणाऱ्या दोघातिघांना फोटो पाठवा. तोटी आणि झाकण मूळचं असेल तर मोडीपेक्षा वर मागतील. आलेली रक्कम चार भाग. आणि विकताना पुन्हा तेच: जाळी काढून तोलायला सांगा, घेणारा ती काढून घेतो पण वजा आधी अंदाजानं करतो.

कडक_भाकरी
बंब मला द्या बे, वजनासकट.